पवनार येथील स्मारके

महाराष्ट्र राज्याच्या वर्धा जिल्ह्यातील पवनार या गावी धाम नदीच्या काठी व पात्रात असलेल्या वास्तू, शिल्पे आणि पुरावशेष यांचा समूह. वर्ध्याच्या ईशान्येस सु. ८ किमी. अंतरावर, वर्धा–नागपूर मार्गावर हे गाव वसले आहे. जिल्ह्याच्या वायव्येकडील डोंगराळ प्रदेशातून येणारी धाम नदी येथे खडकाळ पात्रातून वाहते. वाकाटककालीन शिल्पे, मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष, महात्मा गांधींच्या अस्थिविसर्जनाच्या जागी नदीपात्रात उभारलेली छत्री आणि आचार्य विनोबा भावे यांचा परंधाम आश्रम ही येथील प्रमुख स्मारके होत. त्यांतील सर्वांत जुने आणि सर्वांत नवे यांच्यामध्ये सु. दीड हजार वर्षांचे अंतर असले, तरी ती सर्व एकाच नदीच्या काठी, हाकेच्या अंतरात आहेत.

गावाच्या मध्यवर्ती जागी सर्वांच्या नजरेत राहील असे स्मारक उभारण्याची पद्धत अनेक समाजांत आढळते. इंग्लंडमधील मध्ययुगीन बाजारपेठांतून उभारलेले दगडी क्रूस हे तिचे सुपरिचित उदाहरण. प्रारंभी साध्या स्तंभाच्या स्वरूपात असलेल्या या क्रूसांना पुढे छत व कमानी आल्या आणि ऊनपावसात विक्रेत्यांना त्यांखाली आसरा मिळू लागला. चिचेस्टर येथील १५०१ मधील अष्टकोनी बाजारक्रूस या प्रकारातील उत्कृष्ट वास्तू मानला जातो. बाजाराला धर्माची साक्ष असावी आणि तेथे झालेला सौदा पाळला जावा, अशी त्यामागील धारणा होती. यांहून निराळे, परंतु पवनारच्या संदर्भात अधिक उद्बोधक असे क्रूस म्हणजे इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने एलिनॉर राणीच्या मृत्यूनंतर (१२९०) उभारलेले बारा क्रूस होत. राणीचे शव लिंकनहून लंडनला नेताना जेथे जेथे रात्रीचा मुक्काम पडला, तेथे तेथे एकेक क्रूस उभा राहिला. त्यांपैकी गेडिंग्टन, हार्डिंगस्टोन व वॉल्थम येथील तीनच आज अवशिष्ट आहेत. लंडनच्या चीपसाइड बाजारपेठेतील क्रूस १६४३ मध्ये पाडण्यात आला. स्मारक बाजाराच्या वाटेवर आले की ते लोकांच्या नित्य व्यवहारात मिसळते. त्याचबरोबर राजकीय व धार्मिक रोषालाही ते प्रथम बळी पडते, हे यावरून दिसते.

महाराष्ट्रातील गावांतून बाजारक्रूसाचे कार्य एका वास्तूने केलेले नाही. ते अनेकींत वाटले गेले. गावाची वेस, वेशीवरचा मारुती, पिंपळाचा पार, चावडी, देवळापुढील दीपमाळ आणि लढाईत पडलेल्यांचे वीरगळ ही सर्व गावाची सामुदायिक स्मृती जपणारी स्थाने. निवाडा पारावर होई, दवंडी चावडीपुढे पिटली जाई आणि बाहेरचा मनुष्य गावात शिरला की नाही हे वेस ठरवी. मृतांचे स्मारक मात्र बहुधा गावाबाहेर, नदीकाठी असे. दहनाच्या किंवा अस्थी ठेवलेल्या जागी चौथरा, वृंदावन अथवा चार वा अधिक खांबांवर घुमट पेलणारी छत्री बांधीत. पुण्याजवळ वानवडी येथील महादजी शिंदे यांची छत्री व नागपूरकर भोसल्यांच्या छत्र्या ही याची प्रसिद्ध उदाहरणे होत. पवनारची छत्री रूपाने या परंपरेतील असली, तरी ती राजाची नाही आणि तिच्याखाली कोणाची समाधीही नाही.

पवनारचे प्राचीन महत्त्व वाकाटकांच्या इतिहासाशी निगडित आहे. वाकाटक घराण्याच्या ज्येष्ठ शाखेची राजधानी प्रथम नंदिवर्धन येथे होती. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन हे सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. दुसरा रुद्रसेन अकाली मृत्यू पावल्यावर त्याची राणी, गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता हिने अल्पवयी पुत्रांच्या नावे अनेक वर्षे कारभार पाहिला. तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन हा इ. स. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात गादीवर आला. त्याचे ताम्रपट मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. अकराव्या राज्यवर्षातील बेलोऱ्याच्या ताम्रपटापर्यंत त्याची दानपत्रे नंदिवर्धनहून दिलेली दिसतात. अठराव्या वर्षातील, एक हजार ब्राह्मणांना चर्मांक गाव दान दिल्याची नोंद असलेला प्रसिद्ध चम्मक ताम्रपट मात्र ‘प्रवरपुर’ या नगरातून दिलेला आहे. यावरून या मधल्या काळात प्रवरसेनाने स्वतःच्या नावाने नवे नगर वसवून राजधानी तेथे हलविली, असे अनुमान निघते. माहाराष्ट्री प्राकृतातील सेतुबंध या महाकाव्याचा कर्ता म्हणूनही हा राजा प्रसिद्ध आहे.

हे प्रवरपुर कोणते, हा विदर्भाच्या इतिहासातील एक जुना व अद्याप न मिटलेला प्रश्न होय. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांनी पवनार म्हणजेच प्रवरपुर असे प्रतिपादन केले. नावातील ध्वनिसाम्य, गावाभोवतीच्या विस्तीर्ण पांढरीच्या टेकाडावरील प्राचीन वस्तीच्या खुणा आणि विशेषतः येथे सापडलेली शिल्पे हे त्यांच्या मताचे मुख्य आधार होते. प्रभावतीगुप्ता विष्णुभक्त होती. प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात तिने दिलेले ऋद्धपूरचे दानपत्र रामगिरिस्वामीच्या पायांपासून, म्हणजे रामटेकच्या देवस्थानातून दिलेले आहे. प्रवरसेनाच्या ताम्रपटांत मात्र तो स्वतःस शिवभक्त म्हणवितो. तेव्हा प्रवरपुर येथे जे रामचंद्राचे भव्य मंदिर उभे राहिले, ते राजाने मातेच्या इच्छेखातर बांधले असले पाहिजे आणि पवनारची शिल्पे याच मंदिराच्या भिंतींवरील असली पाहिजेत, अशी मिराशींची उपपत्ती होती. ती मांडणी इतकी सुसंगत होती, की विदर्भाच्या इतिहासलेखनात कित्येक वर्षे ती सिद्धांताप्रमाणे स्वीकारली गेली.

या शिल्पांत पाषाणाच्या फलकांवर कोरलेल्या कथाप्रसंगांचा भरणा आहे. मिराशींनी त्यांत भरतभेट, वाली व सुग्रीव यांचे द्वंद्व इ. रामायणातील प्रसंग ओळखले. गंगेची मूर्तीही पवनार येथे मिळाली आहे. आकृतींची मृदू घडण, मोजके अलंकरण, भरदार परंतु हालचालीत सहज वाटणारे देह आणि प्रसंगातील भाव पात्रांच्या उभे राहण्याच्या ढबीतून व्यक्त करण्याची हातोटी ही त्यांची वैशिष्ट्ये होत. गुप्तकालीन उत्तर भारतीय शिल्पांशी त्यांचे नाते स्पष्ट असले, तरी ती त्यांची केवळ प्रतिकृती नाही. अजिंठ्याच्या वाकाटककालीन लेण्यांतील मूर्तींप्रमाणेच तीतही दक्षिणेकडील अंगभूत जडपणा व ठाशीवपणा जाणवतो. पुढील काळात काही अभ्यासकांनी या फलकांची फेरतपासणी केली आणि त्यांतील काही प्रसंग रामायणातील नसून कृष्ण व बलराम यांच्या चरित्रातील असावेत, असे मत मांडले. फलक मूळ मंदिरापासून सुटे झालेले, त्यांवर नाव सांगणारे लेख नाहीत आणि कोणता फलक कोणत्या फलकाशेजारी होता हेही ज्ञात नाही. अशा स्थितीत दोन पुरुष एकमेकांशी झुंजताना दिसले की ते वाली-सुग्रीव आहेत की अन्य कोणी, याचा निर्णय पाहणाऱ्याच्या पूर्वग्रहावर अवलंबून राहतो. मात्र वैष्णव मंदिराचे अस्तित्व या दोन्ही अर्थनिर्णयांत गृहीतच आहे.

मिराशींच्या मताला खरे आव्हान मिळाले ते रामटेकजवळील मनसर येथील उत्खननांमुळे. जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली १९९७-९८ पासून तेथे झालेल्या उत्खननांत हिडिंबा टेकडीवर विटांचे मोठे मंदिरसंकुल उघडकीस आले आणि ‘प्रवरेश्वरस्य’ अशी अक्षरे असलेली मुद्रा मिळाली. प्रवरसेनाच्या सोळाव्या राज्यवर्षातील मांढळचा ताम्रपट प्रवरेश्वराच्या देवस्थानातून दिलेला असल्याने या मुद्रेचे महत्त्व उघड होते. त्यावरून मनसर हेच प्रवरपुर, असे उत्खननकर्त्यांचे मत झाले. हान्स बाकर या डच संशोधकानेही मनसरच्या बाजूनेच आपला कौल दिला. दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांत तथ्य आहे. मनसरला मुद्रेचा लिखित पुरावा आहे. परंतु प्रवरेश्वर हे देवाचे नाव असून प्रवरपुर हे नगराचे, व राजाने स्वतःच्या नावाचा देव आणि स्वतःच्या नावाचे नगर एकाच ठिकाणी स्थापिले असलेच पाहिजे असे नाही. उलट मनसर हे नंदिवर्धनपासून अगदी जवळ आहे. काही मैलांवरच जावयाचे तर त्याला राजधानी हलविणे म्हणावे काय, अशी शंका घेता येते. पवनार नंदिवर्धनपासून सु. शंभर किमी. दूर, वर्धा नदीच्या सुपीक खोऱ्यात आहे. तेथे जाणे हे राज्याच्या धोरणातील बदलाचे द्योतक ठरले असते. पवनारच्या बाजूने असा राजकीय तर्क आणि शिल्पांची साक्ष आहे. लेखाची साक्ष नाही.

नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी १९६७ मध्ये पवनार येथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल पुढील वर्षी प्रसिद्ध झाला. सातवाहनपूर्व काळापासून मराठेशाहीपर्यंत येथे वस्ती होती हे त्यावरून दिसून आले. वाकाटककालीन थरही मिळाले, तसेच विष्णुकुंडिन राजांच्या नाण्यांमुळे आंध्र प्रदेशाशी असलेल्या संबंधांवर प्रकाश पडला. परंतु उत्खनन मर्यादित क्षेत्रावर झाले होते. आजचे गाव प्राचीन टेकाडाच्याच माथ्यावर नांदते आहे. त्यामुळे राजवाडा, तटबंदी वा मंदिराचा पाया यांसारखा राजधानीचा निर्णायक पुरावा असलाच, तर तो राहत्या घरांच्या खाली आहे. पवनारप्रमाणेच महाराष्ट्रातील इतर अनेक प्राचीन नगरांच्या बाबतीत ही अडचण येते. जी स्थळे ओस पडली ती पुरातत्त्वज्ञांच्या हाती आली. जी टिकली ती आपल्याच इतिहासावर बसून राहिली.

वाकाटकांनंतर हा प्रदेश क्रमाने राष्ट्रकूट, यादव इ. सत्तांखाली आला. वर्ध्याजवळील देवळी येथे मिळालेला राष्ट्रकूट तिसरा कृष्ण याचा शके ८६२ (इ. स. ९४०) मधील ताम्रपट या परिसराच्या तत्कालीन इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन होय. पवनारचे नाव पुन्हा ठळकपणे येते ते मोगलकाळात. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पवनारचा समावेश असून येथील किल्ला उंचवट्यावर असल्याचे व त्याला तीन बाजूंनी नद्यांचा वेढा असल्याचे वर्णन आहे. सरकारचे मुख्य ठाणे म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचे गाव. या किल्ल्याच्या वेशीचे व तटाचे काही अवशेष गावात आढळतात. तटाचे दगड घरांच्या जोत्यांना लागले असणार हे उघड आहे. किल्ला पडला म्हणजे तो गावातच विरघळतो.

किल्ल्याशी निगडित असलेली पवन राजाची दंतकथा या भागात प्रसिद्ध आहे. पवनार हे नाव याच राजावरून पडले, असे लोक मानतात. राजाजवळ परीस होता. तो शेतकऱ्यांकडून सारा म्हणून पैसा घेत नसे, तर नांगराचे लोखंडी फाळ घेई व परिसाच्या स्पर्शाने त्यांचे सोने करी. पुढे मुसलमानांचे आक्रमण झाले, तेव्हा शत्रूच्या हाती सापडण्याऐवजी राजाने धाम नदीच्या डोहात उडी घेतली. ऐतिहासिक दृष्ट्या या कथेला आधार नाही. तथापि ती निरर्थक नाही. कपाशी व ज्वारी पिकविणाऱ्या काळ्या मातीत नांगराचा फाळ हेच सोने, असा कुणब्याच्या अनुभवाचा अर्थ तीत आहे. शिवाय जो सारा देताना रयतेला रोख पैशासाठी सावकाराकडे जावे लागत नाही, तो आदर्श राजा, ही समजूतही तीत दडलेली आहे. मिराशींची प्रवरपुर-पवनार ही व्युत्पत्ती आणि लोकांची पवन राजाची व्युत्पत्ती ह्या एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत.

इंग्रजी अंमलात पवनारचे प्रशासकीय महत्त्व संपले. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. त्याचे ठाणे प्रारंभी पुलगावनजीक कवठा येथे होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली आणि नागपूरकडे जाणारा लोहमार्गही तेथून गेला. कापसाचा बाजार, कचेऱ्या, शाळा सर्व काही नव्या शहरात एकवटले. जुन्या सरकारचे ठाणे असलेले पवनार लोहमार्गापासून बाजूला पडले व एक शेतकरी गाव म्हणून उरले. वर्ध्याच्या चौकाचौकांतून पुढे स्मारके उभी राहिली. पवनारला मात्र असा चौक राहिला नव्हता. त्याची विसाव्या शतकातील स्मारके नदीवर उभी राहिली, याचे एक कारण हेही आहे.

विसाव्या शतकात पवनारकडे पुन्हा लक्ष वेधले गेले ते जमनालाल बजाज व विनोबा भावे यांच्यामुळे. बजाजांच्या आग्रहावरून विनोबा ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्यास आले व तेथील सत्याग्रहाश्रमाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. १९३२ च्या अखेरीस ते जवळच्या नालवाडी येथे राहावयास गेले. अविश्रांत श्रमांमुळे त्यांची प्रकृती ढासळली. वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सु. ४० किग्रॅ. वर आले. हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी जावे असे सुचविण्यात आले असता त्यांनी पवनारची निवड केली. धाम नदीकाठच्या टेकाडावर बजाजांचा एक बंगला रिकामा होता. ७ मार्च १९३८ रोजी विनोबा तेथे आले. नदीवरचा पूल ओलांडताना सर्व चिंतांचा त्याग केल्याचा संकल्प त्यांनी मनोमन तीनदा उच्चारला, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. ‘परंधाम’ हे आश्रमाचे नाव धाम नदीच्या नावावर साधलेला श्लेष होय: धामच्या पलीकडले ते परंधाम आणि परमात्म्याचे तेही परंधाम.

प्रकृती सुधारण्यासाठी विनोबांनी शेतात खणण्याचा व्यायाम सुरू केला. आरंभी काही मिनिटे, नंतर वाढवीत वाढवीत ते रोज कित्येक तास कुदळ चालवू लागले. या खणण्यातून जमिनीतील पाषाणमूर्ती वर आल्या. त्यांतील भरत व राम यांच्या भेटीचा म्हणून ओळखला गेलेला फलक विनोबांच्या विशेष श्रद्धेचा विषय झाला. त्यास कारणही होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना बाराव्या अध्यायाच्या विवरणात त्यांनी सगुण व निर्गुण भक्तीची उदाहरणे म्हणून लक्ष्मण व भरत यांचा उल्लेख केला होता आणि राम-भरत भेटीचे चित्र एखाद्या कलावंताने काढावे, असे सुचविले होते. कल्पनेतील ते चित्र दीड हजार वर्षांपूर्वीच कोणी पाषाणात कोरून ठेवले होते व ते आपल्याच कुदळीला लागले, ही घटना त्यांना ईश्वरी संकेतासारखी वाटली. ‘भरत-राम’ म्हणून या मूर्तीची आश्रमात प्रतिष्ठापना झाली व तिच्यापुढे नित्य प्रार्थना होऊ लागली. इतर शिल्पेही आश्रमाच्या भिंतींत व आवारात बसविण्यात आली.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने या घटनेला दोन बाजू आहेत. कुदळीने खणताना शिल्पे कोणत्या थरात, कोणत्या स्थितीत होती याची शास्त्रीय नोंद झाली नाही; ती नोंद असती तर प्रवरपुराच्या वादातील काही प्रश्न कदाचित सुटले असते. दुसरीकडे, ही शिल्पे परदेशी गेली नाहीत, घराच्या जोत्यात चिणली गेली नाहीत, की नदीच्या पुराने वाहून गेली नाहीत. ती जेथे सापडली तेथेच राहिली आणि जिवंत पूजेचा विषय झाली. संग्रहालयात मूर्तीला क्रमांक मिळतो; येथे तिला नैवेद्य मिळाला. फलकातील प्रसंग भरतभेटीचा नसून अन्य असल्याचे उद्या निःसंशय सिद्ध झाले, तरी १९३८ नंतरचा त्याचा इतिहास भरत-रामाचाच राहणार, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. मूर्तीचा अर्थ तिच्या निर्मात्याने ठरविलेला एक असतो आणि तिच्या भक्तांनी ठरविलेला दुसरा. पवनारच्या या फलकाच्या बाबतीत अभ्यासकाला दोन्ही नोंदवावे लागतात.

वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून विनोबांनी या सत्याग्रहाचा आरंभ केला. तोपर्यंत देशाला फारसे परिचित नसलेले हे गाव व हा सत्याग्रही एकदमच सर्वांच्या तोंडी झाले.

गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ रोजी झाली. त्यांच्या अस्थी देशातील अनेक पवित्र नद्यांत व जलाशयांत विसर्जित करण्यात आल्या. १२ फेब्रुवारी हा त्यासाठी मुख्य दिवस होता. सेवाग्राम ही गांधीजींची कर्मभूमी असल्याने तेथील आश्रमवासीयांना व वर्धेकरांना जवळची नदी म्हणजे पवनारची धाम. त्या दिवशी विनोबांच्या हस्ते धाम नदीत अस्थिविसर्जन झाले व त्या वेळी विनोबांनी ईशावास्योपनिषदाचे पठन केले. विसर्जनाच्या जागी पुढे पात्रातील खडकावर छत्री उभारण्यात आली. गांधी छत्री या नावाने ती ओळखली जाते.

छत्रीची वास्तू लहान व साधी आहे. वास्तुकलेच्या दृष्टीने तीत नोंद घेण्याजोगे फारसे काही नाही. तिचे वैशिष्ट्य तिच्या जागेत आहे. उन्हाळ्यात भोवतीचे काळे खडक उघडे पडतात आणि लोक पायी चालत छत्रीपर्यंत जातात. पावसाळ्यात धामला पूर आला की तिच्याभोवती पाणी घोंघावू लागते आणि ती काठावरूनच पाहावी लागते. स्मारकाजवळ जाण्याची मुभा ऋतू देतो, असा हा प्रकार आहे. याच प्रसंगाने देशात उभ्या राहिलेल्या इतर स्मारकांशी तुलना केली असता हा फरक अधिक स्पष्ट होतो. दिल्लीतील राजघाट येथे दहनस्थानी काळ्या संगमरवराचा उघडा चौथरा आहे. कलकत्त्याजवळ बराकपूर येथे हुगळीकाठी अस्थिविसर्जनाच्या जागी हबीब रहमान या वास्तुविशारदाने आखलेला गांधी घाट १९४९ मध्ये खुला झाला. त्यात आधुनिक बांधकामतंत्र व भारतीय धार्मिक वास्तूंचे आकार यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न दिसतो. कन्याकुमारीचा गांधी मंडप (१९५६) विसर्जनापूर्वी अस्थिकलश लोकांच्या दर्शनासाठी ठेवलेल्या जागी बांधलेला असून २ ऑक्टोबरला छतातील झरोक्यातून सूर्यकिरण नेमके त्या जागी पडावेत, अशी योजना त्यात केलेली आहे. ही तीनही स्मारके शासनाच्या वा मोठ्या समित्यांच्या आश्रयाने, नामांकित ठिकाणी झाली. एलिनॉर राणीच्या क्रूसांप्रमाणेच मृताच्या अखेरच्या प्रवासाच्या खुणा ती जतन करतात. पवनारच्या छत्रीत मात्र ना तंत्राचा आविष्कार आहे, ना चमत्कृतीची योजना. नदीच्या मध्यभागी एक खूण एवढेच तिचे स्वरूप आहे.

तथापि स्मारक दगडाचे असले तरी ते टिकते त्याभोवतीच्या आचारामुळे. मार्च १९४८ मध्ये सेवाग्राम येथे गांधीजींच्या अनुयायांचे संमेलन भरून सर्वोदय समाजाची स्थापना झाली. तेव्हापासून १२ फेब्रुवारी हा सर्वोदय मेळ्याचा दिवस झाला आणि देशात जेथे जेथे अस्थिविसर्जन झाले होते, तेथे तेथे असे मेळे भरू लागले. पवनारचा मेळा त्यांपैकी विशेष महत्त्वाचा होय. या मेळ्यासाठी विनोबांनी सुतांजलीची कल्पना मांडली. प्रत्येकाने स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी गांधीजींच्या स्मरणार्थ अर्पण करावी, असे त्यांनी सुचविले. गुंडीत ६४० तार असतात व प्रत्येक तार ४ फुटांचा धरला जातो. म्हणजे एका गुंडीत सु. ७८० मी. सूत भरते. श्रीमंताने अधिक द्यावे अशी येथे सोय नाही, कारण सूत स्वतःच्या हाताचे असावे लागते. वर्गणी, देणगी, कोनशिला या स्मारकांच्या नेहमीच्या उपचारांना दिलेले हे उत्तर होते. गांधीजींच्या नावे पैसा गोळा करण्याऐवजी श्रम गोळा करावे, हा त्यातील आशय होता. खादीचा प्रसार मंदावला तसे सुतांजलीचे प्रमाणही घटत गेले; परंतु मेळ्याची प्रथा खंडित झाली नाही.

परंधाम आश्रमाचा पुढील इतिहास सर्वोदयाच्या इतिहासाचाच भाग आहे. १९५० मध्ये येथे पैशाचा उपयोग न करता श्रमावर जगण्याचा ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग सुरू झाला, बैलांशिवाय केवळ मानवी श्रमाने शेती करण्याचा ऋषिशेतीचा प्रयोगही त्याचाच भाग होता. तेलंगणातील पोचमपल्ली येथे १८ एप्रिल १९५१ रोजी भूदानाचा उगम झाल्यावर विनोबा काही काळ पवनारला परतले आणि १२ सप्टेंबर १९५१ रोजी दिल्लीच्या दिशेने पायी निघाले. त्यांच्या पदयात्रेच्या काळात, २५ मार्च १९५९ रोजी, येथे ब्रह्मविद्यामंदिराची स्थापना झाली. स्त्रियांनी सामूहिक साधना करावी, शरीरश्रमावर उपजीविका चालवावी आणि निर्णय सर्वानुमतीने घ्यावेत, हे त्याचे सूत्र. आश्रमजीवनाचे नेतृत्व स्त्रियांकडे सोपविणारी ही संस्था भारतीय संन्यासपरंपरेत जवळजवळ अपूर्व म्हटली पाहिजे. भरत-रामाची पूजा व शिल्पांची देखभाल याच भगिनींकडे आली. २ नोव्हेंबर १९६९ रोजी विनोबा पवनारला परतले व ७ ऑक्टोबर १९७० पासून त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. नोव्हेंबर १९८२ च्या प्रारंभी हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केला आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, त्यांचे येथेच निधन झाले. अंत्यसंस्कारही पवनारला धामच्या काठीच झाले. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा किताब देण्यात आला.

वर्धा परिसरात याच परंपरेतील आणखी दोन वास्तू उल्लेखनीय आहेत. गोपुरी येथील गीताई मंदिर विनोबांच्या हस्ते ७ ऑक्टोबर १९८० रोजी खुले झाले. त्याला छत नाही व त्यात मूर्तीही नाही. विनोबांच्या गीताईचे अठरा अध्यायांतील ७०० श्लोक उभ्या शिलांवर कोरलेले आहेत. त्यालगत जपानी बौद्ध भिक्षू निचिदात्सू फूजी यांच्या प्रेरणेने उभारलेला विश्वशांती स्तूप १९९३ मध्ये पूर्ण झाला. हे स्तूप व मंदिर पाहण्यासाठी येणारे बहुसंख्य प्रवासी सेवाग्राम व पवनार यांनाही भेट देतात.

पवनारच्या स्मारकांपुढील प्रश्न आता निराळे आहेत. धाम नदीवर वरच्या अंगाला महाकाळी येथे धरण झाल्याने पवनार येथील प्रवाह पूर्वीसारखा राहिलेला नाही. नदीचा हा भाग सहलींचे ठिकाण झाला असून वर्धा परिसरातील गणेशमूर्तींचे विसर्जनही येथे होत आले आहे. त्यामुळे पात्राच्या स्वच्छतेचा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. गावाखालच्या टेकाडाचे विस्तृत उत्खनन झालेले नाही आणि गाव वाढत असल्याने ती शक्यता दिवसेंदिवस कमी होत आहे. आश्रमातील शिल्पे सुरक्षित असली, तरी गावात व शेतांत विखुरलेल्या अवशेषांना तसे संरक्षण नाही. नगरधन येथे २०१५ नंतर झालेल्या उत्खननांत प्रभावतीगुप्तेची मुद्रा मिळाल्याने वाकाटकांच्या जुन्या राजधानीची ओळख अधिक पक्की झाली. प्रवरपुराच्या बाबतीत तसा लेख पवनारच्या मातीतून निघाला, तर मिराशींचे मत पुन्हा प्रस्थापित होईल.